मृगाची तयारी आणि हस्ताचा पूर

मराठवाड्यात घराची पावसाळी तयारी रोहिणी नक्षत्रात, मृगाच्या पावसाआधी, उरकायची. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, नवी पांढरी माती टाकून ती चोपायची, पन्हाळी मोकळी करायची. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या कोरड्यात रचायच्या, कडब्याची गंजी झाकायची, कणगीत ज्वारी किती उरली ते पाहायचे. ही तयारी झडीची होती. आठ दिवस ऊन पडले नाही तरी चूल पेटावी आणि माळवद गळू नये, एवढाच तिचा हेतू. नदीकाठची गावे सोडली तर घरात पाणी शिरेल हे कुणाच्या हिशेबात नसे. पावसाळ्याची सरासरी साधारण 680 मिलिमीटर. 1972 चा दुष्काळ घराघरात सांगितला जातो आणि 2016 मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. भीती होती ती पाणी नसण्याची.

पण आमच्याकडचे अलीकडचे मोठे पूर मृगात आलेले नाहीत. ते आले उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांत, म्हणजे पाऊस परतायच्या वेळी. तेव्हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकतात. किनारा ओलांडला की वारा मंदावतो, पण ढगांतला ओलावा तेलंगणामार्गे थेट आपल्या डोक्यावर येतो. ऑक्टोबर 2020 मध्ये काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेल्या अशाच एका प्रणालीने धाराशिव आणि लातूर भिजवून काढले. 26 सप्टेंबर 2021 ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकले. दोनच दिवसांत मांजरा धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडावे लागले आणि काठावरच्या गावांना पाण्याने वेढले. त्याच वादळाचे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ नावाने ओमानला गेले. समुद्रापासून शेकडो कोस लांब असलेल्या माणसाला चक्रीवादळ आपले वाटत नाही, आणि इथेच घात होतो.

अपवाद आहेत. बिंदुसरा नदीने बीड शहराला दणका दिला तो 1989 च्या जुलैमध्ये.

दुसरा बदल धरणांनी केला. 1976 मध्ये पैठणला जायकवाडी उभे राहिले आणि गोदाकाठच्या पुराचे वागणेच बदलले. पूर्वी पाणी चढताना दिसायचे, माणूस पायरी-पायरीने मागे सरायचा. आता पैठणवर आभाळ निरभ्र असले तरी नाशिक-नगरच्या पावसाने नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरतो आणि दरवाजे उघडले की काही तासांत खालची गावे पाण्याखाली जातात. ऑगस्ट 2006 मध्ये विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या घरात गेला आणि पैठण शहरात पाणी शिरले. शिवाय दुष्काळाच्या धास्तीने सप्टेंबरात धरण भरलेले हवेच असते. साठवणुकीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण मग उशिरा आलेल्या पावसाला जागा उरत नाही. कोतवालाची दवंडी जुन्या पुराला पुरत होती, या पुराला पुरत नाही.

घरेही बदलली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या आणि लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला. तो उडणे रास्तच होते. जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्ती नियंत्रण कक्ष उभे राहिले तेही या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून, म्हणजे आपली आपत्तीची सरकारी यंत्रणा मुळात पुरासाठी घडलेली नाही. पण माळवदाच्या जागी अनेकांकडे पत्रे आले. पाणी चढले तर माळवदावर धान्य नेता यायचे, लेकरे बसवता यायची. पत्र्यावर काय ठेवणार?

पिकाचेही तसेच. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि त्याची काढणी नेमकी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येते. वर्षाची कमाई गंजी लावून शिवारात पडलेली असते तेव्हाच ही वादळे येतात.

म्हणून मला वाटते, रोहिणीतल्या तयारीला आता दुसरी फेरी हवी, पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत. दसऱ्यासाठी बायका सगळे घर बाहेर काढून धुतातच. ते परत लावताना सातबारा, बँकेचे पुस्तक, आधार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवावे, धान्याची पोती जमिनीवरून उचलावीत, आपल्या वरच्या अंगाला कोणते धरण आहे आणि ते किती भरले आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर आणि फोटो मोबाइलमध्ये घ्यावेत.

2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला आली. त्याच सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूम भागात नद्या फुटून वाहिल्या, माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली, काळी माती खरडून गेली. गोठ्यात बांधलेली जनावरे मात्र दावणीलाच बुडाली. पोळ्याला नवी वेसण, नवे दावे घेतोच. ते बांधताना निरगाठ नको, सुरगाठ मारावी, म्हणजे अंधारात, गुडघाभर पाण्यातही एका ओढीत सुटते.