एकवीस शिलिंग आठ पेन्स

१८९९ सालचं यॉर्क शहर. इंग्लंडच्या उत्तरेकडचं, मधोमध प्रचंड मोठं जुनं चर्च, एका बाजूला रेल्वेची वर्कशॉप्स आणि दुसऱ्या बाजूला कोको-चॉकलेटच्या फॅक्टऱ्या, लोकसंख्या साधारण पाऊण लाख. ह्यातल्याच एका चॉकलेट फॅक्टरीच्या मालकाचा मुलगा, सीबोम राऊंट्री, वय २८, शिक्षण केमिस्ट्रीचं. ह्या माणसाच्या डोक्यात एक प्रश्न होता, की आपल्या शहरात गरीब नेमके किती आहेत आणि मुळात गरीब म्हणायचं कुणाला?

त्या काळी ब्रिटनमधल्या खाऊनपिऊन सुखी घरांत ह्याचं उत्तर तयार असायचं. गरीब लोक दारू पितात, पैसा राखत नाहीत, त्यांच्या बायकांना धड स्वैपाक येत नाही की काटकसर जमत नाही, म्हणून ते गरीब. म्हणजे दोष स्वभावाचा, पगाराचा नाही. (हे वाक्य आपल्याकडेही आजसुद्धा ऐकू येतं, म्हणूनच मला ही सगळी गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते.)

राऊंट्रीने काय केलं तर नमुना म्हणून चार गल्ल्या न निवडता यॉर्कमधली कामगारांची जवळपास सगळीच घरं पालथी घातली. ११,५६० कुटुंबं, ४६,७५४ माणसं. घरात किती जण, कमावतं कोण, खोल्या किती, भाडं किती, पाण्याचा नळ किती घरांत मिळून एक, सगळं लिहून घेतलं. कामगार कोण आणि वरचा वर्ग कोण हे ठरवायला त्याने जी रेघ धरली ती तर मला त्या समाजाचा एक्स-रेच वाटते, ज्यांच्या घरी नोकर आहे ते वर आणि ज्यांच्या घरी नाही ते खाली.

आता ह्यात सायन्स कुठे आलं? तर त्याच सुमारास अमेरिकेत ॲटवॉटर नावाचा शास्त्रज्ञ माणसांना एका बंद खोलीत दिवसच्या दिवस ठेवून, त्यांच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते आणि ते श्वासातून काय सोडतात हे मोजत होता. आज बिस्किटाच्या पुड्यामागे कॅलरींचे आकडे छापलेले असतात ना, त्यांच्या मुळाशी असलेला हिशेब, म्हणजे एक ग्रॅम प्रोटीनला ४ कॅलरी, पिठूळ पदार्थांना ४ आणि चरबीला ९, हा ह्याच माणसाचा. राऊंट्रीने हे काम उचललं आणि विचारलं की मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण ३,५०० कॅलरी लागतात, बाईला थोड्या कमी, मुलांना वयाप्रमाणे, तर एवढ्या कॅलरी यॉर्कच्या बाजारात स्वस्तात स्वस्त कितीला पडतील?

त्याने लावलेला आहार बघितला तर पोटात कालवतं. ताजं मटण अजिबात नाही, अधूनमधून थोडं बेकन, बाकी ब्रेड, ओटची लापशी, चीज, बटाटे, कोको. ज्या सरकारी अनाथ-निराधार गृहांना लोक मरणापेक्षा जास्त घाबरायचे तिथल्या जेवणापेक्षाही हे कमी खर्चाचं. मग आईबाप आणि तीन मुलं अशा घराला आठवड्याला किती लागेल? जेवणाला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, कपडे-दिवाबत्ती-कोळसा वगैरेला ४ शिलिंग ११ पेन्स. एकूण २१ शिलिंग ८ पेन्स (१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड).

आणि यॉर्कमधल्या साध्या मजुराचा आठवड्याचा पगार होता १८ ते २१ शिलिंग.

म्हणजे बघा, माणूस रोज कामावर जातोय, एक थेंब दारू पीत नाही, बायको एक पेनी वाया घालवत नाही, तरी तीन पोरं झाली की बेरीज जुळतच नाही. आणि ह्या २१ शिलिंग ८ पेन्समध्ये ट्रामचं तिकीट नाही, वर्तमानपत्र नाही, बाहेरगावी असलेल्या मुलाला पत्र टाकायला पोस्टाचं तिकीट नाही, पोरांना गोळ्या नाहीत की गोट्या नाहीत, बापाला तंबाखू नाही, आणि आजारी पडायची तर सोयच नाही. राऊंट्रीने हे सगळं मुद्दाम बाहेर ठेवलं, कारण त्याला माहीत होतं की लोक म्हणतील आकडा फुगवलाय. त्याने रेघ इतकी खाली ओढली की तिच्याखालच्याला उधळ्या म्हणताच येऊ नये.

ह्या रेघेखाली ७,२३० माणसं सापडली, शहराच्या जवळजवळ १० टक्के. आणखी सुमारे १८ टक्के लोक असे की मिळकत रेघेच्या जरा वर, पण काही ना काही दुसऱ्या खर्चामुळे घर उपाशीच. दोन्ही मिळून यॉर्कचे २८ टक्के लोक गरीब. ह्या दुसऱ्या गटाची मोजणी थोडी कच्ची होती, कारण पाहणी करणारा माणूस घराची कळा बघून ठरवायचा, आणि दारूचा वाटा ह्याच गटात मोठा होता हे राऊंट्रीने लपवलं नाही. पण पहिल्या गटाची कारणं त्याने वेगळी काढली तेव्हा जे निघालं ते मी दोनदा वाचलं. ५२ टक्के माणसं गरीब होती कारण घरचा कमावता माणूस नियमित काम करत होता पण पगारच कमी होता. पार बेकारीमुळे गरीब असलेले किती, तर २ टक्क्यांच्या जरा वर.

ही पोटापासून सुरू होणारी गरिबीची रेघ आपल्याकडेही आली बरं का. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ ह्यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तेव्हा त्यांनीही माणशी रोज २,२५० कॅलरी हाच पाया धरला होता.

परत यॉर्ककडे. राऊंट्रीने शाळेतल्या मुलांची उंची-वजनंही जमा केली. १३ वर्षांचा सगळ्यात गरीब वस्तीतला मुलगा आणि त्याच शहरातल्या बऱ्या पगाराच्या कामगाराचा मुलगा, दोघांत फरक साडेतीन इंचांचा. म्हणजे बापाचा पगार पोराच्या हाडात उतरत होता. तान्ह्या बाळांचं तर विचारू नका, गरीब वस्तीत हजारातली २४७ बाळं वर्षाच्या आत जायची आणि नोकर ठेवणाऱ्या घरांत ९४. श्रीमंतांचाही आकडा आजच्या मानाने भयंकरच आहे, पण एकाच शहरात, एकाच हवेत एवढं अंतर.

नेमकं त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांचं बोअर युद्ध चालू होतं आणि सैन्यात भरती व्हायला आलेल्या तरुणांपैकी खूप जण खुजे, किडक्या दातांचे, खोल गेलेल्या छातीचे म्हणून परत पाठवावे लागले, तेव्हा कुठे सरकार दचकलं. वंशच बिघडत चाललाय का अशी चर्चा सुरू झाली. सरकारी समिती बसली, तिने १९०४ मध्ये सांगितलं की वंश बिघडल्याचा पुरावा नाही, बिघडलंय ते खाणं, घरं आणि हवा. १९०६ साली शाळेत जेवण द्यायची नगरपालिकांना मुभा मिळाली, १९०७ साली शाळेत डॉक्टरी तपासणी करायचा कायदा झाला.

ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव, तिथले शाळेचे डॉक्टर राल्फ क्राऊली ह्यांनी १९०७ मध्ये एक साधा प्रयोग केला. चाळीसेक गरीब मुलांना शाळेत रोज नाश्ता आणि दुपारचं जेवण द्यायचं, ठराविक दिवसांनी वजन करायचं, आणि तशीच काही मुलं जेवण न देता तुलनेला ठेवायची. नाश्त्याला ओटची लापशी, दूध, काकवी, ब्रेड. त्यांनी काढलेला आलेख आजही बघायला मिळतो. जेवणाऱ्या मुलांची रेघ भराभर वर चढते आणि मधेच धाडकन खाली येते. का? तर शाळेला सुट्टी लागली. सुट्टी संपली की परत वर, उन्हाळ्याची मोठी सुट्टी आली की परत खाली. मुलं तीच, आया त्याच, घरं तीच. बदललं फक्त ताट.

आता त्या आयांविषयी, कारण सगळ्यात जास्त बोल त्यांनाच लावला गेला. १९०९ ते १९१३ ह्या काळात लंडनमध्ये लॅम्बेथ भागात मॉड पेंबर रीव्ह्ज आणि त्यांच्या गटातल्या बायकांनी आठवड्याला साधारण एका पौंडावर चालणारी घरं निवडली. अगदी रस्त्यावर आलेली नाहीत, ज्यांना चांगल्या चालीची म्हणतात अशी. तिथल्या बायकांना आठवड्याचा जमाखर्च लिहायला सांगितला. काहींना लिहिता येत नव्हतं, मग त्यांनी नवऱ्याकडून, पोरांकडून लिहून घेतला. माझ्या आईची हिशेबाची वही मी बघितलेली आहे, दूध, रॉकेल, फी, आणि खाली कुठेतरी न जुळणारे दोन रुपये, त्यामुळे त्या लॅम्बेथच्या बायका मला लांबच्या वाटतच नाहीत.

त्या हिशेबांत पहिली गोष्ट दिसते ती भाडं. वर्षाला २,००० पौंड कमावणारा श्रीमंत माणूस मिळकतीचा साधारण आठवा हिस्सा घरावर घालवायचा, लॅम्बेथचा मजूर तिसरा हिस्सा, आणि तोही दोन ओल्या खोल्यांसाठी. श्रीमंत माणूस कोळसा टनावर भरून ठेवायचा, ही बाई थोडा थोडा आणायची आणि म्हणून महाग आणायची. दर आठवड्याला प्रत्येक मुलामागे एक पेनी जायची ती विम्याची, आणि तो विमा कसला तर मूल दगावलं तर त्याच्या दफनाला पैसे असावेत म्हणून. बाहेरची माणसं म्हणायची ही उधळपट्टी आहे, त्या पैशाचं दूध घ्या. पण त्या गल्लीत प्रत्येक आईने कुणाचं तरी मूल जाताना पाहिलेलं होतं, आणि दफनाचा खर्च सरकारने केला म्हणजे सगळ्या गल्लीसमोर लाज. ती पेनी मी तरी उधळपट्टी म्हणणार नाही.

आणि लापशीची गोष्ट. भल्या घरच्या बायका येऊन सांगायच्या, ब्रेड कशाला देता, लापशी करा, स्वस्त आणि पौष्टिक. लापशीला बराच वेळ आच लागते, गॅस मीटरमध्ये पेनी टाकली तर चालणार. ढवळत उभं राहायला हवं आणि कडेवर तान्हं. घरात पातेलं एकच, त्यात काल मासे उकडले होते, त्यामुळे लापशीला तोच वास. वर दूध नाही, साखर नाही, पोरं तोंडात घेतात आणि ओकाऱ्या काढतात. ब्रेडला चूल नको, भांडं नको, ताटसुद्धा नको. ताजं दूध श्रीमंताला आणि गरिबाला एकाच भावाने मिळायचं, म्हणून बाळांना पाजलं जायचं ते साय काढलेलं डब्यातलं गोड दूध, ज्याच्या डब्यावरच छापलेलं असायचं की तान्ह्या बाळांना देऊ नये. आईला वाचता येत असलं तरी करणार काय?

आता शेवटची गोष्ट, १९३० सालची. स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशर ह्या कोळसा-पोलादाच्या भागात, मंदीच्या दिवसांत, ६७ शाळांतल्या २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. १०,००० मुलांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पाइंट (साधारण सव्वाचारशे मिली) दूध, बाकीच्या १०,००० ना काही नाही. दूध पिणारी मुलं जास्त वाढली असा निष्कर्ष आला. पण डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणारे विल्यम गॉसेट, स्टॅटिस्टिक्सवाल्यांना 'स्टुडंट' ह्या टोपणनावाने माहीत असलेले, त्यांनी १९३१ मध्ये हे आकडे तपासले आणि सुरुवातीलाच गडबड पकडली. दूध न मिळालेली मुलं प्रयोगाच्या आधीपासूनच मोठी होती, वजनात साधारण तीन महिन्यांच्या वाढीइतकी आणि उंचीत चार महिन्यांच्या. कारण मुलं चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या क्रमाने निवडायची होती, पण गट असमान वाटला तर शिक्षकांना अदलाबदल करायची मोकळीक होती, आणि समोर एक हडकुळं पोर बसलेलं असताना दुधाची बाटली गुटगुटीत पोराला देणं त्या शिक्षकांच्या जिवावर आलं असणार असं गॉसेट ह्यांना वाटलं. प्रयोग बिघडला तो दयेने. त्यांनी सुचवलं की हुबेहूब जुळ्या मुलांच्या ५० जोड्या घ्या, एकाला दूध द्या, एकाला नको, ह्या सगळ्याच्या एक-दोन टक्के खर्चात जास्त पक्कं उत्तर मिळेल.

अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली. मुलांचं वजन कपड्यांसकट केलं होतं, एकदा फेब्रुवारीच्या थंडीत आणि एकदा जूनमध्ये. बऱ्या घरची मुलं जूनमध्ये जाड लोकरीचे कपडे उतरवून काट्यावर चढली, म्हणून त्यांची वाढ कमी दिसली. गरिबाच्या पोराकडे उतरवायला फारसं काही नव्हतंच, फेब्रुवारीत जे अंगावर होतं जवळपास तेच जूनमध्येही होतं.