शिफ्ट केबलची सेटिंग (जुन्या मोटारींतील)

स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या जुन्या मोटारीत चालकाच्या हाताखालचा दांडा आणि गिअरबॉक्सच्या बाजूची तरफ या दोघांची जागा एकमेकांशी जुळवून घेण्याचे काम. मुंबईतल्या गॅरेजांत याला नुसते ‘सेटिंग’ म्हणतात.

केबल म्हणजे आवरणातून सरकणारी पोलादी तार. दांडा हलवला की ती तरफेला ढकलते किंवा ओढते. तरफेमुळे आतली झडप सरकते आणि तेलाचा दाब गिअरबॉक्समधल्या कोणत्या क्लचकडे (गिअर गुंतवणाऱ्या चकत्यांकडे) जायचा ते ठरते. प्रत्येक स्थितीसाठी आत एक खाच असते आणि तीत बसताना हाताला खटका जाणवतो. सारे काम या खटक्यावर अवलंबून आहे. डॅशबोर्डवरचा काटा ‘डी’ (गाडी पुढे नेण्याची स्थिती) दाखवत असेल आणि झडप दोन खाचांच्या मध्ये लटकत असेल, तर दाब अपुरा पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. काटा बघून सेटिंग करणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाला मोठ्या खर्चात पाडतो.

काम सपाट जागी, इंजिन बंद ठेवून, चाकांपुढे-मागे ठोकळे लावून आणि हँडब्रेक ओढून करतात. केबल सुटली की तरफ ‘पार्क’मधून, म्हणजे गाडी जागीच अडकवून ठेवणाऱ्या स्थितीतून, निसटू शकते, आणि त्या वेळी कोणी खाली झोपलेले असू शकते. बऱ्याच गाड्यांत दांडा ‘पार्क’ला, काहींत ‘न्यूट्रल’ला ठेवून सुरुवात होते, कोणत्या गाडीत काय, ते तिच्या वर्कशॉप मॅन्युअलवरूनच ठरवावे. केबलच्या टोकाचा नट ढिला करतात, तरफ हाताने नेमक्या खाचेत बसवतात, तारेतला प्ले (सैलपणा) काढतात आणि तरफ न हलवता नट आवळतात. मग दांडा प्रत्येक स्थितीत नेऊन खटका येतो का ते पाहतात.

त्याआधी बुश, म्हणजे केबलच्या जोडातली छोटी नळी, तपासणे मात्र अनेकजण विसरतात. टोकाचा रबरी किंवा नायलॉनचा बुश झिजला असेल तर आजची सेटिंग आठवड्यात बिघडते. मुंबईची खारी, दमट हवा आवरणात शिरून तारेला गंज चढवते. त्यात अशा गाड्या वर्षातले बहुतेक दिवस झाकून उभ्या असतात. तार अडकत चालली की नट फिरवून काही साधत नाही, केबलच बदलावी लागते. सुटे भाग ऑपेरा हाउस परिसरात किंवा कुर्ल्यात शोधतात. न मिळाल्यास जुनी केबल नमुना म्हणून देऊन नवी बनवून घेतात. तिची लांबी बोटभर चुकली तरी नटाचे आटे संपतात आणि सेटिंग जुळत नाही.

मुंबईत अमेरिकन गाड्या भरपूर होत्या. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तो 1954 मध्ये बंद झाला. स्टिअरिंगजवळ दांडा असलेल्या जुन्या गाड्यांत मात्र केबलऐवजी बहुधा सळ्या आणि तरफा असतात, तत्त्व तेच. क्रायस्लरने 1956 ते 1964 या काळात दांडाच काढून बटणे दिली, तरी बटणांमागे केबल होतीच. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी या प्रकारात बसत नाही. तिचा गिअरबॉक्स हाताने गिअर टाकण्याचा. स्टिअरिंगजवळच्या दांड्याच्या सळ्या ढिल्या झाल्या की गिअर शोधावा लागे, हा टॅक्सीवाल्यांचा रोजचा अनुभव होता.

सेटिंग झाल्यावर मलबार हिलसारख्या उतारावर, ब्रेकवर पाय तयार ठेवून, ‘पार्क’ गाडी धरते का ते पाहतात. स्टार्टर फक्त ‘पार्क’ आणि ‘न्यूट्रल’मध्येच फिरला पाहिजे. ‘डी’ किंवा ‘आर’मध्येही (रिव्हर्स) इंजिन सुरू होत असेल, तर केबलला हात न लावता न्यूट्रल स्विच, म्हणजे इतर स्थितींत स्टार्टर रोखणारा स्विच, वेगळा जुळवतात.