काळी ती सगळी व्हायनल नव्हे

सोलापुरात जुन्या रेकॉर्ड शोधायला निघालात तर हाती लागणारा गठ्ठा बहुतेक वेळा सरमिसळ असतो. नाट्यपदं, कन्नड वचनं, पूर्व भागातल्या एखाद्या घरातून निघालेली तेलुगू सिनेमाची गाणी, कव्वाल्या, आणि नशीब जोरावर असेल तर मधेच एखादा इंग्रजी बँड. विकणारा या सगळ्याला एकच नाव देतो. पूर्वी तो ‘तबकड्या’ म्हणायचा; आता मोबाइलवर भाव बघून झालेत, त्यामुळे ‘साहेब, ओरिजिनल व्हायनल आहे’ म्हणतो. त्यातला बराचसा माल व्हायनलचा नसतोच, लाखेचा असतो. दोन्ही काळ्या, गोल, मधे भोक, मधल्या कागदावर एचएमव्हीचा तोच कुत्रा आणि तोच भोंगा. पण एकीला जपायला जे करायचं त्यानेच दुसरी मरते. म्हणून हा फरक पैसे देण्याआधी कळलेला बरा.

मी गिटार वाजवतो, तेही जरा मोठ्या आवाजात. रॉक वाजवणाऱ्यांना रेकॉर्डचं खूळ लागायला फार दिवस लागत नाहीत. गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलवर पैसे उडवून झाले की पुढची पायरी हीच. त्यात नव्याने शिरलेला पोरगा व्हायनल म्हणून लाखेची रेकॉर्ड घरी आणतो, सूटकेसवाल्या स्वस्त प्लेअरवर ठेवतो, वेगाचं बटण ७८ वर (म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या; लाखेच्या रेकॉर्डना ‘७८’ म्हणतात ते यावरूनच) सरकवतो, आणि नुसतीच खरखर ऐकून म्हणतो, “एवढ्यासाठी लोक वेडे झालेत का बे?”

दोष त्याच्या कानाचा नाही, सुईचा आहे.

लाखेची रेकॉर्ड म्हणजे नुसती लाख नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरचा किडा जी राळ सोडतो ती लाख. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू घालून तो गोळा गरम साच्यात दाबायचा. लाख फक्त सांधण्याचं काम करते. वजनाने जास्त भरते ती पूड. आणि ती पूड तिथे मुद्दाम असते. चावीच्या ग्रामोफोनमधली पोलादी पिन खाचेत उतरली की पहिल्या काही फेऱ्यांत ती पूड पिनेला घासून खाचेच्या मापाची करते. म्हणजे पिन झिजावी हीच योजना होती. म्हणून तर पिना डबीने विकत मिळायच्या आणि दर बाजूला नवी लावायची शिस्त होती. शंभर ग्रॅमच्या पुढचा भार त्या पिनेतून खाचेवर पडायचा. लाख तो सोसायची.

व्हायनल हे वेगळंच प्रकरण. हे प्लास्टिक, पीव्हीसीच्या घराण्यातलं. यात दगडाची पूड नाही, म्हणून पृष्ठभाग शांत. पण मऊ. त्याला हिऱ्याची बारीक, गुळगुळीत सुई लागते आणि भार दीड-दोन ग्रॅमचा. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी, म्हणजे व्हायनलची मोठी रेकॉर्ड, ठेवली तर पोलादी पिन एका फेरीतच ती नांगरून काढते. आजोबांचा भोंग्याचा ग्रामोफोन अजून चालतो, म्हणून हौसेने त्यावर नवी कोरी रॉकची रेकॉर्ड लावून व्हिडिओ काढणारे आहेत. व्हिडिओ छान येतो. रेकॉर्ड गेलेली असते.

उलट बाजूची चूक इतकी भयानक नाही, पण जास्त सर्रास होते. ७८ ची खाच रुंद असते. तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ३ मिल, म्हणजे इंचाचे ३ सहस्रांश. मोनो एलपीची सुई १ मिलची, स्टिरिओची त्याहून बारीक, ०.७. ही बारीक सुई ७८ च्या खाचेत भिंतींना टेकतच नाही. ती तळाशी, वर्षानुवर्षांच्या कचऱ्यात लोळत जाते, आणि गाणं तर भिंतींवर कोरलेलं असतं. आजच्या स्वस्त प्लेअरवर ७८ चं बटण असतं, पण बटणाने वेग बदलतो, सुई बदलत नाही. जुने विजेचे प्लेअर या बाबतीत शहाणे होते. त्यांच्या काही काडतुसांना (म्हणजे सुई बसवलेल्या डबीला) छोटीशी दांडी असायची, ती फिरवली की एका बाजूला ७८ ची आणि दुसऱ्या बाजूला एलपीची सुई. आज चांगल्या टर्नटेबलसाठी ७८ ची सुई वेगळी विकत मिळते. ७८ ऐकायच्याच असतील तर तो खर्च टाळू नका.

आता धुण्याचं. इथे खरी हत्या होते. व्हायनल साफ करायला लोक आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिट, वापरतात, आणि पातळ करून थोडंसं वापरलं तर व्हायनलचं काही बिघडत नाही. तोच फडका लाखेवर फिरवला तर लाख विरघळते, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळतेच. सुतार फर्निचरचं पॉलिश याच गुणावर करतात. फडक्याला काळा रंग लागतो, माणूस खूश होतो की किती मळ निघाला. तो मळ नसतो, गाणं असतं. लाखेला डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडका, आणि लगेच कोरडं करणं, एवढंच. मधला कागद भिजू द्यायचा नाही. डिस्टिल्ड वॉटर शोधायला लांब जायला नको, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. बोअरचं पाणी मात्र दोन्हींना नको. वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग खाचेत बसतात.

मग ओळखायचं कसं? हातात घेतल्या घेतल्या वजनाने अंदाज येतो. लाखेची रेकॉर्ड आकाराच्या मानाने जड आणि जाड लागते. कडेला बघा: लाखेच्या कडेचे टवके उडालेले असतात, व्हायनलची कड पातळ आणि अखंड. व्हायनल किंचित वाकते. लाख वाकत नाही, पडली की कडक भाकरीसारखे तुकडे. वाकवून बघायचा मोह आवरा, कारण ती लाखेची निघाली तर पैसे तुम्हालाच भरावे लागतील. सगळ्यात सोपी खूण मधल्या कागदावर. एका बाजूला एकच गाणं असेल तर बहुधा ७८, चार-सहा असतील तर एलपी. सात इंची रेकॉर्ड दिसली तर ती जवळजवळ नक्की व्हायनलची, ४५ च्या वेगाची. हिंदी सिनेमाच्या चार गाण्यांच्या ईपी आपल्याकडे घरोघरी होत्या त्या याच. दहा इंचाला मात्र फसू नका, त्या मापात दोन्ही सापडतात.

वेगावरूनही छातीठोक सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकी सैनिकांसाठी १९४३ पासून निघालेल्या व्ही-डिस्क ७८ च्याच वेगाच्या होत्या, पण प्लास्टिकच्या. वेग आणि माल या दोन वेगळ्या गोष्टी, जोडीने फिरायच्या इतकंच. ही जोडी मोडली ती १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने ३३ १/३ फेऱ्यांची बारा इंची एलपी आणली तेव्हा: बारीक खाच, व्हायनल, एका बाजूला वीसेक मिनिटं. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टर या दुसऱ्या कंपनीने ४५ ची सात इंची काढली. त्याआधी सारा कारभार तीन-चार मिनिटांचा. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला तेव्हापासून आपल्या गवयांनी ख्यालसुद्धा त्या तीन मिनिटांत बसवला. मला यात नेहमी रॉकवाल्यांसाठी धडा दिसतो, पण आमचा ड्रमर ऐकत नाही.

‘रॉक म्हणजे व्हायनल, लाख म्हणजे आजोबांची नाट्यपदं’ असं वाटायला लागलं असेल तर जरा थांबा. या नियमाला मोठं भोक पाडलंय ते भारतानेच. इंग्लंडमध्ये १९६० च्या आसपास ७८ चं उत्पादन संपलं. बीटल्सची पहिली रेकॉर्ड आली १९६२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांची लाखेची रेकॉर्ड निघायचा प्रश्नच उरला नव्हता. पण आपल्याकडे वीज न पोचलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन अजून फिरत होते, त्यामुळे ७८ छापणं चालूच राहिलं, आणि पार्लोफोन या कंपनीच्या छापाखाली बीटल्सही लाखेवर निघाले. जगभरचे संग्राहक आज या भारतीय तबकड्यांच्या मागे असतात. पोलादी पिनांखाली गेल्यामुळे बहुतेक घासलेल्याच मिळतात. तेव्हा एखाद्या जड, दहा इंची रेकॉर्डवर इंग्रजी बँडचं नाव दिसलं तर ‘ही नकली असणार’ म्हणून परत ठेवू नका. आणि स्पिरिटने तर मुळीच पुसू नका.

भारतीय रॉक हवं असेल तर मात्र शोध व्हायनलमध्येच घ्यावा लागतो. १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट स्पर्धेच्या एलपी, म्हणजे एका सिगारेटच्या जाहिरातीपायी जमवलेल्या कॉलेजवयीन बँडांचं रेकॉर्डिंग, आज मूळ प्रतीत मिळणं मुश्कील आहे.

वाजवणाऱ्याला यातलं काय जास्त कामाचं? माझं मत सरळ आहे: शिकायला एलपी, मुळं बघायला ७८. एलपीवरून रिफ (गिटारचा परत परत येणारा सुरांचा तुकडा) उतरवून घेण्याची जुनी युक्ती अशी की ज्या प्लेअरला १६ चा वेग असतो त्यावर ३३ १/३ ची रेकॉर्ड लावायची. १६ २/३ म्हणजे बरोबर निम्मा वेग, सूर बरोबर एक सप्तक खाली, आणि वेगात निसटणारी प्रत्येक बोटाची हालचाल मोकळी होते. यूट्यूबच्या आधीच्या पिढीने गिटार अशी चोरली. एलपीचा दोष म्हणाल तर आतल्या गाण्यांचा. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटरने पळते, आत येईपर्यंत निम्म्याखाली उतरते, आणि झांजा व ‘स’ फाटायला लागतात. जड, लांबलचक बाजू छापताना आवाजही दाबावा लागतो, कारण खर्जाला रुंद खाच लागते आणि जागा ठरलेली.

७८ त्या मानाने सुरुवातीला एलपीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पळते. खरखर आहेच, पण योग्य सुईने, चांगल्या प्रतीवर, तारेवर पडलेला पहिला आघात जो अंगावर येतो तो वेगळा. शिवाय रॉकचे पूर्वज तिथेच आहेत. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ज्यातून रॉक निघालं ते संगीत, गाणाऱ्या रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यातली बरीचशी निघाली ७८ वर, आणि १९३८ मध्ये माणूस गेला. त्या तबकड्या इंग्लंडच्या पोरांपर्यंत पोचण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. १९६१ मध्ये कोलंबियाने त्या २९ मधली १६ गाणी एलपीवर काढली आणि ती एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स यांच्या हाती पडली. पुढचं आपण सगळे वाजवतोच. लाखेने सांभाळलं आणि व्हायनलने पसरवलं.

असाच दुसरा धागा अमेरिकी रॉक गिटारवाल्या जॅक व्हाइटचा. विस्कॉन्सिनमधल्या एका फर्निचर कंपनीने पॅरामाउंट नावाने ब्लूजच्या ७८ काढल्या, त्याही हलक्या मालाच्या, खरखरीने भरलेल्या. २०१३ मध्ये त्या ठेव्याचे पेटारे पुन्हा बाजारात आणण्यात पुढाकार होता जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्स या कंपनीचा, आणि हा गडी गिटारवर नाव काढण्याआधी डेट्रॉइटमध्ये खुर्च्या-सोफ्यांना गाद्या चढवायचा! २०१७ पासून त्याच शहरात त्याचा रेकॉर्ड छापायचा कारखानाही आहे.

घरी ठेवण्याचं थोडक्यात. दोन्ही उभ्या ठेवायच्या, एकावर एक आडव्या रचायच्या नाहीत. सोलापूरचा मे महिना व्हायनलचा वैरी: सावलीतला ४२-४३ चा पारा ती सोसते, पण उन्हात लावलेल्या गाडीत किंवा तापलेल्या पत्र्याखाली ती दुपारभरात पापडासारखी वाकडी होते. लाखही उष्णतेने वाकते, पण तिला जास्त भीती दमट हवेतल्या बुरशीची, आणि आपली कोरडी हवा त्या बाबतीत मेहरबान आहे. माळवदाच्या घरात वरून माती गळते, तिथे दोघींनाही कपाट हवं.

आणि गठ्ठ्यात कधीतरी तिसरीच जात निघते. छापील कागदाऐवजी हाताने किंवा टाइप करून लिहिलेलं लेबल, मधल्या भोकाजवळ आणखी एक छोटं भोक, कड खरवडली असेल तिथे अ‍ॅल्युमिनियमची चमक: ही लॅकर डिस्क. धातूच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा लेप, आणि त्यावर थेट कोरलेलं गाणं. साच्यातून छापलेली नाही, म्हणून एकुलती एक. रॉक अँड रोलचा गायक एल्व्हिस प्रेस्ली याने १९५३ मध्ये मेम्फिसमध्ये सुमारे चार डॉलर भरून स्वतःसाठी जी पहिली रेकॉर्ड कोरून घेतली ती अशीच होती. जॅक व्हाइटने २०१५ मध्ये ती लिलावात ३ लाख डॉलरला घेतली. लॅकरला लाखेचे नियम लागू नाहीत आणि व्हायनलचेही नाहीत. स्पिरिट नाही, पोलादी पिन नाही, आणि चांगल्या सुईखालीही ती फेरीगणिक झिजत जाते. अशी सापडली तर उत्सुकतेपोटी लावूनसुद्धा बघू नका. पहिल्याच फेरीला तिची डिजिटल नक्कल करून देईल असा माणूस आधी गाठा.