ओठाचा कोपरा आणि 30 मीटरवरचं लक्ष्य

पेडण्याकडच्या जत्रांत दशावतार रंगतो तेव्हा अर्जुन दोरी छातीपर्यंत ओढतो आणि हवेतच सोडून देतो. नाटकाला तेवढं पुरतं. पण 2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तिरंदाजीही त्यात होती, आणि आता मुलांना धनुष्य घेऊन द्यावं का असं विचारणारे पालक भेटतात. बहुतेकांची समजूत एकच असते: पोपटाचा डोळा दिसला की बाण लागतो, म्हणजे हा खेळ एकाग्रतेचा. एकाग्रता हवीच. पण बाण कुठे जाणार हे आधी ठरतं ते दोरी ओढणारा हात चेहऱ्यावर नेमका कुठे टेकला यावरून. त्या जागेला तिरंदाज ‘अँकर’ म्हणतात.

बंदुकीला नेम धरायला दोन खुणा असतात, एक नळीच्या टोकाला आणि दुसरी डोळ्याजवळ. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ या देशी तिरंदाजी प्रकारात वापरतात त्या बांबूच्या धनुष्यावर अशी एकही नसते. पुढची खूण म्हणून बाणाच्या टोकावर काम भागतं. मागची खूण म्हणजे आपलाच जबडा. बाणाची शेपटी डोळ्याखाली किती अंतरावर आहे हे अँकर ठरवतो, आणि ते अंतर दर वेळी तेच असावं लागतं.

किती तेच? इथे शाळेतले समरूप त्रिकोण आठवा. पूर्ण ओढलेल्या धनुष्यात बाणाचं टोक आणि शेपटी यांच्यात साधारण 70 सेंटीमीटर असतात. टोक नेमाच्या रेषेवर स्थिर ठेवलं आणि बोटं गालावर 1 सेंटीमीटर खाली सरकली, तर बाण 70 ला 1 या प्रमाणात वर रोखला जातो. 30 मीटरवर तो फरक सुमारे 43 सेंटीमीटर होतो. तिरंदाज म्हणतो, मी तर नेम हलवलाच नाही! खरंच हलवलेला नसतो. हेच आडवं घडलं, म्हणजे मान किंचित वळली आणि शेपटी अर्धा सेंटीमीटर बाजूला गेली, तर बाण 20 सेंटीमीटरहून जास्त बाजूला लागतो.

आता दुसरी चूक घेऊ: हात त्याच उंचीवर, पण दोरी 1 सेंटीमीटर जास्त ओढली गेली. 40 पाउंडाचं, म्हणजे पूर्ण ओढीला 178 न्यूटन बळ लागणारं धनुष्य धरा. दोरी सुमारे अर्धा मीटर मागे येते आणि बळ शून्यापासून जवळपास सरळ रेषेत वाढतं, म्हणून साठलेली ऊर्जा ½ × 178 × 0.5, म्हणजे साधारण 45 ज्यूल. जादा सेंटीमीटर त्यात 1.8 ज्यूल घालतो, 4 टक्के. वेग ऊर्जेच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून 2 टक्के. सेकंदाला 50 मीटर वेगाचा बाण 30 मीटर जायला 0.6 सेकंद घेतो आणि तेवढ्यात 1.76 मीटर खाली येतो. वेग 2 टक्के वाढला की हे पडणं 4 टक्क्यांनी घटतं. हवेचा विरोध सोडला तर बाण 7 सेंटीमीटर वर लागतो. एका बाजूला 43, दुसऱ्या बाजूला 7! ओढ मोजण्यात गुंतलेल्या नवशिक्याने आधी हाताची उंची सांभाळावी, ती यामुळेच.

ती सांभाळायची कशी? डोळे मिटून हात हवेत त्याच उंचीवर पुन्हा नेऊन पाहा, सेंटीमीटरभर चूक सहज होते. स्नायूंचं आणि सांध्यांचं ज्ञान तेवढं बारीक नाही. स्पर्शाचं आहे. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी 1834 मध्ये कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवून प्रयोग मांडले: पाठीवर ती काही सेंटीमीटर दूर असली तरी एकच वाटतात, बोटाच्या टोकावर आणि ओठावर मात्र काही मिलिमीटरवरही वेगळी कळतात. मेंदूच्या स्पर्श नोंदवणाऱ्या पट्ट्यात ओठ आणि बोटं यांना जागाही भरपूर मिळाली आहे. तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला लावणं ही पारंपरिक तिरंदाजीतली एक प्रचलित पद्धत म्हणजे शरीरातल्या अतिशय तीक्ष्ण स्पर्शाच्या दोन जागांची गाठ आहे. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

मात्र प्रत्येकाचा जबडा वेगळा. कुणाला तर्जनीऐवजी मधलं बोट कोपऱ्यात बसतं, कुणी अंगठ्याचं मूळ जबड्याच्या हाडामागे अडकवतो. टेकणं हाडावर किंवा सुळ्यावर हवं, कारण मऊ गाल दबतो. दात मिटलेले हवेत, कारण तोंड उघडलं की जबडा खाली जातो. दुसरी खूणही असावी: काही जणांच्या बाणाचं पीस नाकाला लागतं. आपल्या दमट हवेत घामाने बोट घसरतं, तेव्हा ही दुसरी खूण फार उपयोगी पडते.

दसऱ्याला धनुष्याची पूजा जरूर करा. ‘एकाग्रतेची अंगठी’ किंवा मेंदूच्या लहरी जागवणारं शिबिर विकणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका. त्या पैशांत मुलासाठी हलकं धनुष्य येईल. जड धनुष्य असलं की हात ओठापर्यंत पोचायच्या आत खांदा थरथरतो आणि अँकर सापडतच नाही. साधारण 20 पाउंडांच्या किंवा त्याहून हलक्या धनुष्याने सुरुवात करा, तीन-चार मीटरवर गवताची जाड गादी उभी करा, मागे भिंत किंवा मातीचा बांध असू द्या, लक्ष्याचा कागद लावूच नका. मोठं माणूस शेजारी उभं असताना मुलाने डोळे मिटून ओढावं, बोट ओठाला लागलं की एक श्वास थांबावं आणि सोडावं.