न उभ्या राहिलेल्या कारखान्यांचा हिशेब

दहशतवादाने घेतलेले बळी मोजता येतात. पण भीतीपायी जो कारखाना उभाच राहिला नाही, त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. स्पेनमधल्या बास्क प्रदेशाबाबत अल्बेर्तो आबादी आणि हावियेर गार्देआसाबाल या अर्थशास्त्रज्ञांनी हा हिशेब मांडला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला.

स्वतंत्र बास्क देशासाठी लढणारी तिथली सशस्त्र संघटना ‘एता’ १९५९ मध्ये स्थापन झाली. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको बास्क भाषा आणि अस्मिता दडपत होता. १९३७ मध्ये गेर्निका या बास्क गावावर फ्रँकोच्या मदतीला आलेल्या विमानांनी केलेल्या बाँबवर्षावाची आठवण ताजी होती. दडपशाहीतून हिंसा जन्मली, असं म्हणून अनेकजण इथेच थांबतात. मला ते अपुरं वाटतं. फ्रँको १९७५ मध्ये वारला, लोकशाही आली, १९७९ मध्ये बास्क लोकांना स्वायत्तता मिळाली. तरीही सर्वाधिक रक्त सांडलं ते १९८० मध्ये. मूळ कारण विरलं तरी संघटना उरते; खंडणी, तुरुंगातले साथीदार आणि हुतात्म्यांच्या कथा तिला जगवतात. उद्योजकांकडून उकळलेल्या खंडणीला एता ‘क्रांतीचा कर’ म्हणे. न देणाऱ्याच्या वाट्याला धमकी, अपहरण, कधी गोळी येई.

या काळात बास्क प्रदेश मागे पडला खरा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दरडोई उत्पन्नात तो स्पेनच्या १७ विभागांत तिसरा होता, १९९० च्या दशकाच्या अखेरीस सहावा. पण दोष दहशतवादाचाच कशावरून? तिथल्या बिल्बाओ शहराच्या पोलाद आणि जहाजबांधणी उद्योगांना जागतिक मंदीनेही झोडपलं होतं. प्रयोगशाळेत दोन नमुने घेऊन एकावरच प्रयोग करता येतो. प्रदेशाचा दुसरा नमुना आणायचा कुठून?

या दोघांनी तो तयार केला. इतर विभागांची आकडेवारी अशा प्रमाणात मिसळली, की मिश्रणाचं उत्पन्न, उद्योगांची घडण, लोकसंख्येची घनता आणि शिक्षण हे सगळं हिंसेपूर्वीच्या बास्क प्रदेशाशी जुळावं. सुमारे ८५ टक्के कॅटालोनिया आणि १५ टक्के माद्रिद, असं प्रमाण निघालं. हिंसा भडकेपर्यंत खऱ्या आणि कृत्रिम बास्कचे आलेख जवळपास एकमेकांवर बसतात. नंतर खरा आलेख खाली सरकतो आणि पुढची दोन दशकं सरासरी १० टक्क्यांची दरी राहते.

आणखी एक पडताळा त्यांनी शेअर बाजारात घेतला. सप्टेंबर १९९८ मध्ये एताने शस्त्रसंधी जाहीर केली. ती टिकेल असं वाटू लागलं, तेव्हा बास्क प्रदेशात मोठा व्यवसाय असलेल्या कंपन्यांचे शेअर इतरांपेक्षा वधारले. वर्षभराने शस्त्रसंधी मोडली, तेव्हा तेच घसरले. मंदीने याचा खुलासा होत नाही. कृत्रिम मिश्रणाशी तुलना करण्याची ही पद्धत पुढे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या तंबाखूविरोधी कायद्याचा परिणाम तपासायलाही वापरली गेली.

काही नुकसान मात्र या आलेखात मावत नाही. १९८० च्या दशकात ‘गाल’ नावाच्या, सरकारातल्याच लोकांचं पाठबळ असलेल्या छुप्या टोळ्यांनी एताशी लढण्याच्या नावाखाली २७ जणांना मारलं, त्यांत एताशी संबंध नसलेले लोकही होते. या प्रकरणातल्या एका अपहरणासाठी स्पेनचे माजी गृहमंत्री १९९८ मध्ये दोषी ठरले. कायदा राखणाऱ्यांनीच कायदा मोडला, ही जखम मला त्या १० टक्क्यांहून खोल वाटते. एताने मे २०१८ मध्ये स्वतःचं विसर्जन केलं, तोवर तिने ८०० हून अधिक माणसं मारली होती. त्यांपैकी ३०० हून अधिक खुनांचा उलगडा झालेलाच नाही.