सेंट लुईची आग आणि यादवी युद्धातले पूर्वज : एक खुलासा

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) लढलेल्या पूर्वजाचा माग काढायला निघालं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘सेंट लुईच्या आगीत सगळं जळालं.’ हे खरं नाही. या एका वाक्यापायी लोक शोधच सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

सेंट लुई शहरातल्या लष्करी नोंदींच्या केंद्राला लागलेली १२ जुलै १९७३ ची ती आग भयंकर होती. पण तिच्यात गेल्या त्या मुख्यतः १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या फायली, सुमारे ८० टक्के. यादवी युद्धाचे कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

शिपायाचं नाव, राज्य, रेजिमेंट आणि कंपनी हाताशी ठेवा. सेवानोंदीच्या कार्डांवर भरती, वय, हजेरी सापडते. खरा खजिना मात्र पेन्शनच्या फायलीत! विधवेला लग्नाचा पुरावा द्यावा लागे. काहींनी तर घरच्या बायबलमधली जन्म-विवाहाच्या नोंदींची पानंच फाडून अर्जाला जोडली.

दक्षिणेकडून, म्हणजे अमेरिकेतून फुटलेल्या राज्यांच्या बाजूने लढलेल्यांना पेन्शन राज्यांनी दिली, म्हणून तिचे कागद राज्याच्या अभिलेखागारात शोधा. तेही म्हातारपणी शिपाई जिथे राहत होता त्या राज्यात. जिथून लढला तिथे नव्हे.