मंडळाच्या अनुदानाचा अर्ज नेमका कुठे अडतो

रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाचा जुना हौद, उघडणारं जुन्या नाशकातलं मंडळ असो, सिडकोतल्या बायकांचं भजनी मंडळ असो की हरसूलकडचं बोहाड्याचं, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवणारं, मंडळ, पंचवीस-पन्नास हजारांचं अनुदान मिळालं तर त्यांचं अख्खं वर्ष सोपं जातं. सरकारी योजना आहेत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, आहे. तरी अर्ज परत येतात. ‘तुमचा उपक्रम चांगला नाही’ म्हणून परत आलेला अर्ज मी क्वचितच पाहिला. कागदावरची संस्था एक आणि प्रत्यक्ष राबणारी माणसं दुसरीच, हे बहुतेकांचं दुखणं असतं. म्हणून अर्ज कसा भरायचा यापेक्षा तो कुठे अडतो, यावरच इथे जास्त लिहिलं आहे.

सुरुवात नोंदणीपासून. गणेशोत्सवाआधी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाकडून कलम 41 सी खाली परवानगी मिळते. ते पत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवलेलं असतं आणि अनुदानाच्या अर्जाला ‘नोंदणी प्रमाणपत्र’ म्हणून तेच जोडलं जातं. ती परवानगी तात्पुरती असते, त्या उत्सवापुरतीच. दरवर्षी न चुकता घेतली तरी मंडळ नोंदणीकृत होत नाही.

नोंदणीचे दाखले दोन लागतात. पहिला संस्था नोंदणी अधिनियम 1860 खालचा. त्याला किमान सात सदस्य हवेत. दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालचा, ज्याला सगळे ‘एफ नंबर’ म्हणतात. पहिला दाखला हातात पडला की पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याचा अर्ज राहून जातो. वर्षं उलटतात, आणि अनुदानाच्या छाननीत कुणीतरी विचारतं, ट्रस्ट नोंदणीचा दाखला कुठे आहे? तुमच्याकडे एकच कागद असेल तर आजच खात्री करून घ्या. बाकी पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी ही कामं दाखले हातात असले की फार त्रास देत नाहीत. दर्पणसाठी पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार तयार ठेवा, एवढंच.

सर्वांत जास्त माणसं अडकतात ती परिशिष्ट एकवर. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत तुमच्या संस्थेचे विश्वस्त कोण आहेत, हे सांगणारा हा उतारा. बहुतेक देणाऱ्यांना तो अलीकडच्या तारखेचा, प्रमाणित प्रत म्हणून हवा असतो. उतारा काढला की खरी गोष्ट समोर येते. स्थापनेच्या वेळची सात नावं तशीच असतात. त्यातले दोघे वारलेले, एक मुलाकडे पुण्याला गेलेले, एकांशी भांडण होऊन बोलणं बंद. आज धडपडणारे अध्यक्ष आणि सचिव त्या उताऱ्यावर नसतातच. त्यांची सही असलेला अर्ज कायद्याच्या नजरेत अनोळखी माणसाचा अर्ज ठरतो.

कलम 22 प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. हे 90 दिवस बदल घडला त्या दिवसापासून मोजतात. सभेत निवड झाली तो दिवस धरा. इतिवृत्त सावकाश लिहून पुढच्या सभेत मंजूर केलं, म्हणून मुदत पुढे सरकत नाही. मुदत टळली असेल तरी हातपाय गाळू नका. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत द्यायचा, कारण खरं सांगायचं, आणि सांगितलेला खर्च सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधीत भरायचा. 2017 च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावांतला बदल तात्पुरता मान्य करून हरकती मागवण्याची तरतूद आहे. नोटिशीपासून 30 दिवसांत हरकत आली नाही की तो आदेश कायम होतो. कायद्यात हे सुटसुटीत आहे. प्रत्यक्षात एखादं बदल प्रकरण वर्षानुवर्षं तारखांवर फिरताना दिसतं आणि तेवढ्यात योजनेची मुदत निघून जाते. गावासाठी फुकट राबणाऱ्या माणसांना असं ताटकळत ठेवणं योग्य नाही, आणि हे कार्यालयांनाही कळायला हवं.

पण प्रकरण लांबतं त्याला बऱ्याचदा आपलेही कागद जबाबदार असतात, सगळ्यांत जास्त सभेची नोटीस. संस्थेच्या घटनेत पंधरा दिवसांची लेखी नोटीस लिहिली असेल तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या रात्री टाकलेला मेसेज चालत नाही. नोटीस वही ठेवा, प्रत्येक सदस्याची तारखेसह सही घ्या. जो हाती लागत नाही त्याला स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती इतिवृत्ताच्या वहीलाच टाचून ठेवा. नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि जुन्यांचे राजीनामेही हवेत. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांना तर नोटीस आवर्जून द्या. नोटीसच मिळाली नाही, ही त्यांची हरकत सर्वांत आधी येते आणि सर्वांत जास्त टिकते.

आणि एक कागद, जो गावाकडे खरोखरच कुणाकडे नसतो: वारलेल्या विश्वस्ताचा मृत्यू दाखला. पेठ तालुक्यातल्या एका मंडळाच्या सचिवांची फाइल मी पाहिली आहे. अध्यक्षांच्या दशक्रियेची छापील पत्रिका, फोटो, सरपंचांचं पत्र, सगळं नीट लावलेलं होतं. मृत्यूची नोंद मात्र ग्रामपंचायतीत कधी झालीच नव्हती. घरच्यांना विमा नाही, पेन्शन नाही, म्हणून दाखल्याची गरज पडली नव्हती. वर्ष उलटून गेल्यावर अशी नोंद करायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि 2025 मध्ये राज्याने उशिराच्या जन्म-मृत्यू नोंदींची कार्यपद्धती आणखी कडक केली. हे काम महिन्यांचं आहे. म्हणून विश्वस्त वारले की घरच्यांना धीर देताना नोंदीची आठवणही हळूच करून द्या. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, तेव्हा ती सहज होते.

प्रतिज्ञापत्रांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्याने 2004 मध्येच माफ केलं आहे. तरी खिडकीवर ‘स्टॅम्प पेपर आणा’ सांगितलं जातं आणि कोर्टाबाहेर रांगेत उभं राहून माणसं पैसे घालवतात. नम्रपणे विचारा, कोणत्या आदेशाने मागता? लेखी द्याल का?

हिशेबाचं तसंच. वर्ष 31 मार्चला संपतं आणि लेखापरीक्षण अहवाल सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, धर्मादायकडे जायला हवा. ‘यंदा काहीच व्यवहार नव्हता, मग ऑडिट कशाला?’ हे वाक्य मी फार ऐकतो. व्यवहार नसलेल्या वर्षाचंही करा. सरकारी योजना असो की सीएसआर, मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागतात. मधलं एक वर्ष कोरं असलं की साखळी तुटते. तीनही वर्षांचं ऑडिट एकाच दिवशी करून आणणं हा उपाय नाही. तिन्ही अहवालांवर एकच तारीख दिसते आणि छाननी करणारा तिथेच थांबतो.

नाव जुळणं ही क्षुल्लक वाटणारी बाब, पण पैसे थेट खात्यात येतात आणि संगणकाला समजूत घालता येत नाही. दाखल्यावर ‘बहुउद्देशीय सेवाभावी संस्था’, पॅनवर ‘बहुउद्देशीय’ गाळलेलं, बँकेत ‘सेवा संस्था’ असं असेल तर आधी पॅन आणि खातं दाखल्याप्रमाणे दुरुस्त करा. अर्ज नंतर.

जागेच्या कागदाचा घोळ शहरात वेगळा, गावात वेगळा. अर्जात ठोकळेबाज ‘सातबारा जोडा’ असं छापलेलं असतं. सिडकोतल्या घरात कार्यालय असलेल्या मंडळाने सातबारा कुठून आणायचा? तिथे घराच्या भाडेपट्ट्याची प्रत, घरपट्टीची पावती आणि घरमालकाचं संमतीपत्र द्या. जुन्या नाशकात मालमत्ता पत्रक, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना 8. सोबत एका ओळीचं पत्र जोडा की या जागेला सातबारा लागू नाही, म्हणून हा उतारा जोडला आहे. अर्जातला तो रकाना रिकामा सोडलात तर त्रुटी निघतेच. व्यायामशाळा, सभागृह अशा बांधकामाचं अनुदान हवं असेल तर मात्र संमतीपत्रावर भागत नाही. जागा संस्थेच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर लागते. महापालिकेच्या मोकळ्या भूखंडावर वर्षानुवर्षं कार्यक्रम करतो, म्हणून ती जागा मंडळाची होत नाही.

मुदतीकडे वळू. ऑगस्ट 2025 मध्ये राज्यातल्या 1,800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25,000 रुपये साहित्य खरेदीसाठी देण्याचं जाहीर झालं. हार्मोनियम, पखवाज, टाळ, वीणा यांसाठी अनुदान म्हटल्यावर गावोगाव हालचाल झाली, पण अर्जाची मुदत काही दिवसांचीच होती. अशा वेळी कागद गोळा करायला बसलात तर वेळ संपलेली असते. अंतिम तारीख वाचताना आणखी एक पाहा: ती ऑनलाइन अर्जाची आहे की छापील प्रत कार्यालयात पोचण्याची? पोस्टात टाकल्याची तारीख बहुधा धरत नाहीत. प्रत हाती द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तरी आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पुढे काहीच कळलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि त्या अर्जात आवक क्रमांक लिहिला की फाइल हमखास सापडते.

महिला बचत गटांची वाट वेगळी आणि तुलनेने सोपी. उमेद या ग्रामीण बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या गटाला यातली कोणतीही नोंदणी लागत नाही. गट तीन महिने पंचसूत्रीने चालला, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी नियमित राहिल्या, की फिरत्या निधीसाठी पात्र ठरतो. राज्याने 2023 मध्ये हा निधी 15,000 वरून 30,000 रुपये केला. इथे अडतं ते वहीमुळे. बचत दर आठवड्याला होते, पण वही महिन्याच्या शेवटी एकाच शाईने, एकाच हाताने भरली जाते, आणि तपासणीला आलेल्या माणसाला ते लगेच कळतं. सुरगाणा, पेठ भागात लिहिणारी ताई एकच असते, ती लग्न होऊन गेली की वही थांबते. दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून शिकवा. आणि बायांनो, हा निधी आपापसांत वाटून घेऊ नका. तो गटाचा आहे, एकीला कर्ज द्यायचं, तिने फेडलं की दुसरीला. वाटून टाकलेल्या गटाचं पुढचं बँक कर्जही अडकतं.

सीएसआरकडे जाणाऱ्यांनी आधी हे वाचा. 1 एप्रिल 2021 पासून सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी प्राप्तिकराची 12ए व 80जी नोंदणी, म्हणजे संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी, हवी. शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. सिंहस्थ जवळ आल्याने गोदाघाटाच्या स्वच्छतेसाठी नव्या संस्था काढून कंपन्यांकडे जाणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण कंपनीचा अधिकारी इच्छा असूनही पैसे देऊ शकत नाही. सध्या एखाद्या जुन्या, कागद पूर्ण असलेल्या संस्थेबरोबर लेखी करार करून काम करा आणि आपला स्वतःचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा.

परदेशातल्या पैशाबाबत तर फारच सांभाळा. गावचा मुलगा अमेरिकेत आहे आणि अजून भारतीय नागरिक आहे, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तोच पैसा परकीय निधी ठरतो आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेणं गुन्हा आहे. वाचनालयाला पुस्तकं घेण्याच्या आनंदात हा प्रश्न कुणी विचारत नाही. देणगी स्वीकारण्याआधी त्याला विचारा, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

मंजुरी मिळाली की मंजुरीपत्राची तारीख पाहा. त्याआधी केलेला खर्च सहसा धरत नाहीत. कार्यक्रम उरकून मग अनुदान मागणाऱ्यांची निराशा इथेच होते. बिल संस्थेच्या नावावर घ्या. मेन रोडवरून घेतलेल्या पखवाजाचं बिल खजिनदारांच्या नावावर आणि पैसे त्यांच्या मोबाइलमधून यूपीआयने गेलेले, अशी बिलं बाजूला काढली जातात. मग त्या बिचाऱ्याच्या खिशातले पैसे अडकतात. पैसे संस्थेच्या खात्यातूनच द्या, चेकने किंवा ऑनलाइन. केंद्राच्या अनुदानावर खात्यात जमलेलं व्याजसुद्धा परत करायचं असतं, म्हणून त्यासाठी वेगळं खातं ठेवणं बरं. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या. ते थकलं असेल तर पुढचा हप्ता थांबतो आणि पुढच्या वर्षीचा अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो. शिल्लक उरली तर ती कोणत्या खात्यात, कोणत्या चलनाने भरायची ते त्याच कार्यालयाकडून लेखी घ्या, आणि भरलेल्या चलनाची प्रत प्रमाणपत्रासोबतच द्या.